‘चालेल’ हा होकार नव्हे : किंकच्या वाटेवर नव्याने येणाऱ्या मुंबईकरांसाठी

लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन वाढपी समोर येतो. तुम्ही ‘नको’ म्हणता, तो वाढतो. तुम्ही पानावर हात आडवा धरता, तो बोटांच्या फटीतून वाढतो, आणि शेजारची मंडळी हसतात. याला आपण आग्रह म्हणतो. पहिला नको संकोचाचा, दुसरा रीतीचा, तिसरा झालाच तर खरा, हे आपल्याला लहानपणीच कळलेलं असतं. त्याच्याच जोडीला ‘चालेल’. चहा चालेल, कॉफी चालेल, दादरला भेटलो तरी चालेल, ठाण्याला भेटलो तरी चालेल. यात मला काय हवंय हे कुठेच नाही. तुमची अडचण होऊ नये एवढंच आहे.

गेली बारा वर्षं मी मुंबईत किंकमध्ये आहे. नव्याने येणाऱ्या मराठी लोकांशी बोलताना सगळ्यात जास्त घोळ मला या दोन शब्दांपाशी दिसलाय. गाठी मारायला शिकता येतं, पट्टा कुठे मारावा आणि कुठे नाही तेही शिकता येतं. ‘नको’ पहिल्याच फटक्यात ऐकायचं आणि ‘चालेल’वर पुढे जायचं नाही, हे मात्र आपल्याला मुळापासून शिकावं लागतं. म्हणून हा लेख.

शब्दांचं आधी उरकून घेते. बीडीएसएममध्ये तीन जोड्या आहेत : बाँडेज-डिसिप्लिन म्हणजे बांधणं आणि शिस्त, डॉमिनन्स-सबमिशन म्हणजे ताबा घेणं आणि देणं, सेडिझम-मॅसोकिझम म्हणजे वेदना देण्याघेण्यातलं सुख. किंक हा यापेक्षा सैल शब्द, त्यात फेटिशपासून, म्हणजे एखाद्या वस्तूच्या किंवा अवयवाच्या ओढीपासून, रोलप्लेपर्यंत सगळं बसतं. ताबा घेतो तो डॉम, देतो तो सब, दोन्ही करतो तो स्विच. ठरवून केलेला एक प्रसंग म्हणजे सीन. बाकीचे शब्द वाटेत येतील.

आधी मनातला दगड

‘मी विकृत आहे का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकाने विचारलाय, बहुतेकांनी हळू आवाजात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू आहे. तिच्यात फेटिशिझम आणि परस्परसंमतीचा सेडोमॅसोकिझम हे विकारांच्या यादीतून काढून टाकले आहेत. यादीत ठेवलाय तो समोरच्याच्या संमतीविना वेदना देण्याचा विकार. म्हणजे रेघ कुठे ओढायची ते डॉक्टरांनीही संमतीवरूनच ठरवलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमपुस्तकातही निराळी आवड आणि विकार यांत फरक केलेला आहे.

तरीही मनात खळबळ असेल तर समुपदेशकाशी बोला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा आहे, सरकारची टेलि-मानस १४४१६ वर आहे. आणि मराठीत असल्या गोष्टी बोलायच्या नसतात असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा की रघुनाथ धोंडो कर्व्यांनी याच मुंबईत १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७पासून पुढे पाव शतक ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं.

पायरी पहिली : कागद

ॲप उघडण्याआधी एक कागद घ्या. फोनमधल्या नोट्स नकोत. बहुतेक घरांत भाच्यापासून बायकोपर्यंत सगळ्यांना तुमच्या फोनचा पॅटर्न ठाऊक असतो, आणि कागद निदान फाडता येतो. तीन रकाने करा : हवंय, नको, माहीत नाही. सुरुवात ‘नको’पासून करा.

नवखे लोक नेमका हाच रकाना रिकामा ठेवतात. ‘मला सगळं चालतं’ असं अभिमानाने सांगतात. सगळं कुणालाच चालत नाही, फक्त अजून विचार केलेला नसतो. जे कधीच नको ते हार्ड लिमिट. जे आज नको, किंवा याच माणसाबरोबर आणि सावकाश, ते सॉफ्ट लिमिट.

लिहिताना बारीक लिहा. ‘मारणं’ ही एक नोंद होत नाही. हाताने की पट्ट्याने, कुठे, कपड्यांवरून की नाही, खूण राहिलेली चालेल का. इथे ‘चालेल’ योग्य आहे, कारण हा सोयीचाच प्रश्न आहे : सोमवारी बिनबाह्यांचा ड्रेस घालायचाय का, घरात आई आहे का, पोहायला जाता का. अपमानाचे शब्द आवडत असतील तर ते शब्दशः लिहा. ‘बावळट’ म्हटलेलं एखाद्याला गुदगुल्या करतं, पण वजनावरून काही बोललं तर तोच माणूस आठवडाभर आतून मिटून जातो. जात, रंग, आईवडील हे तर मी सांगेन की न विचारता ‘नको’च्या रकान्यात धरा. मालक-नोकर खेळताना आपल्या समाजातला मालक-नोकर नकळत खोलीत शिरतो. त्याला दारातच अडवायचं की आत घ्यायचं, हे दोघांनी उजेडात ठरवायचं असतं.

पायरी दुसरी : माणूस

लोक भेटतात ते बहुधा फेटलाइफ या किंकवाल्यांच्या सोशल साइटवर, डेटिंग ॲपवर किंवा ओळखीतून. शहरात अधूनमधून मंच होतात. हे व्यासपीठ नव्हे. कॅफेत साध्या कपड्यांत बसून, खाऊन-पिऊन गप्पा मारायच्या गाठीभेटीला जगभर हाच शब्द आहे. तिथे काही ‘करत’ नाहीत, आणि म्हणूनच नवख्याने आधी तिथे जावं. दहा जणांत एखादा माणूस कसा वागतो, वेटरशी कसा बोलतो, कुणी मध्येच ‘मला हे बोलायचं नाही’ म्हटलं तर त्याचा चेहरा कसा होतो, हे पाहता येतं. वेटरची परीक्षा माझी आवडती आहे. फारशी चुकत नाही.

पहिली भेट दिवसाढवळ्या, स्टेशनजवळ, गर्दीत. परतीची सोय स्वतःची. शेवटची लोकल चुकली म्हणून कुणाच्या घरी राहायची वेळ आली, तर त्या रात्रीच्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही. एका मैत्रिणीला किंवा मित्राला कुठे, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत ते सांगून ठेवा. ठरल्या वेळी तिचा फोन येईल, आणि तुम्ही एखादं ठरलेलं साधं वाक्य बोललात तर ती समजेल की गडबड आहे.

सावध कुठे व्हायचं? पहिल्याच मेसेजात स्वतःला ‘मास्टर’ म्हणवून घेणारा आणि तुम्हाला ‘स्लेव्ह’ म्हणणारा. भेटण्याआधी चेहऱ्यासकट फोटो मागणारा. ‘खऱ्या सबला सेफवर्ड, म्हणजे सीन थांबवायचा ठरलेला शब्द, लागत नाही’ म्हणणारा. जुन्या सगळ्या जोडीदारांना वेडं ठरवणारी. ‘ट्रिब्यूट’ म्हणून आधी पैसे मागणारी. फोटोंवरून कुणी धमकावू लागलंच तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, १९३०वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पैसे दिले की धमकी थांबते असं मी तरी एकदाही पाहिलेलं नाही.

पायरी तिसरी : बोलणं

खरं काम इथे आहे. इंग्रजीत याला निगोशिएशन म्हणतात. मराठीत मी ‘ठरवणं’ म्हणते, कारण वाटाघाटीत दोन बाजू असतात आणि इथे टेबलाच्या एकाच बाजूला बसायचं असतं.

माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने पहिल्या सीनआधी मला मध्ये बसायला बोलावलं होतं. माटुंग्याचं इराण्याचं हॉटेल, दुपारचे साडेतीन, पंखा कुरकुरतोय. तो यादी वाचत होता, ती उत्तरं देत होती. अर्ध्या गोष्टी ते इंग्रजीत बोलत होते. मराठीत बोलायची लाज वाटते म्हणून सगळेच तसं करतात. मी म्हटलं, मराठीत बोला.

‘डोळे बांधले तर?’

‘चालेल.’

‘चालेल, की हवंय?’

ती थांबली. बनमस्क्याचा तुकडा चहात जास्त वेळ राहिला आणि तुटून कपात पडला. चमच्याने तो काढता काढता म्हणाली, ‘हवंय. पण हात मोकळे असताना. दोन्ही एकदम नको.’

‘बरं. आणि मी खोलीबाहेर गेलो तर?’

‘नाही जायचं. पाणी आणायलासुद्धा नाही. बाटली आधीच आणून ठेव.’

‘चालेल, की हवंय?’ हा प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना देते. त्याच्या आधी तिचं उत्तर तीन अक्षरांचं होतं. नंतर एक अट निघाली, एक भीती निघाली आणि पाण्याची बाटली निघाली.

काय काय विचारायचं? शरीर आधी. दमा, रक्तदाब, मधुमेह, फिट्स, कधी निखळलेला खांदा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काँटॅक्ट लेन्स. मग मन : कुठला स्पर्श, कुठला वास, कुठला शब्द जुनं काही वर आणतो का. कारण सांगायची सक्ती नाही, ‘मानेला हात नको’ एवढं पुरे. मग सेक्स. तो सीनमध्ये गृहीत धरू नका. कितीतरी सीनमध्ये तो नसतोच, आणि बांधून घ्यायला दिलेला होकार त्याला लागू होत नाही. असेल तर कंडोम कोण आणणार हेही याच टेबलावर. फोटो काढायचे का, कुणाच्या फोनवर, चेहरा दिसेल का, आणि नातं तुटलं तर ते पुसायचे कसे. किती वेळ. संपल्यावर काय लागेल : मिठी, चादर, की अर्धा तास एकटं बसणं.

डॉमलाही लिमिट असतात. हे बहुतेक जण विसरतात. ‘मला कुणाला रडताना पाहवत नाही’ म्हणणारा डॉम काही कमअस्सल नव्हे. त्यालाही त्याचा कागद आहे, आणि तोही आधी वाचला पाहिजे.

आता नवरा-बायको. माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न यांचेच असतात : ‘हिला कसं सांगू?’, ‘ह्यांना काय वाटेल?’ अंथरुणात सांगू नका. तिथे नाही म्हणणं सगळ्यात अवघड असतं आणि ऐकणारं माणूस आधीच अर्धवट कपड्यांत असतं. शिवाजी पार्कला फेरी मारताना सांगा, जिथे दोघंही समोर बघत चालत असता. एकच गोष्ट सांगा, सगळी यादी नको. आणि उत्तर त्याच दिवशी मागू नका. ‘दोन आठवडे विचार कर. नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही,’ असं म्हणा, आणि मग खरंच रुसू नका. तीन दिवस घुम्यासारखं वागून मिळवलेला होकार आणि जबरदस्तीने वाढलेली जिलबी यांत मला काही फरक दिसत नाही. घर कुणाच्या नावावर, पगार कुणाचा, माहेरी जायची सोय आहे का, यावरही ‘नको’ म्हणण्याची ताकद ठरते. ज्याचं पारडं जड, त्याने जास्त वेळा विचारायचं. बॉस, शिक्षक, घरमालक असाल तर विचारूच नका.

पायरी चौथी : सेफवर्ड

‘थांब म्हटलं की थांबायचं, वेगळा शब्द कशाला?’ असं नवखे विचारतात. पहिल्या काही वेळांना हाच नियम ठेवा : नको म्हणजे नको, थांब म्हणजे थांब. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पक्का.

वेगळा शब्द लागतो तो ‘नको ना’ हेच खेळाचा भाग असेल तेव्हा. ही अडचण आजची नाही. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात प्रहार आणि सीत्कारांचा एक अध्यायच आहे. तिथे मार खाताना तोंडून निघणाऱ्या शब्दांत ‘आई’, ‘पुरे’, ‘सोड’ अशा अर्थाचे शब्द मोजलेले आहेत. म्हणजे खरं ‘पुरे’ आणि खेळातलं ‘पुरे’ तेव्हाही एकसारखंच ऐकू येत असणार. त्याच अध्यायात वात्स्यायन इशाराही देतो : कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनाने ‘कर्तरी’ नावाच्या प्रहाराने आपली महाराणी मलयवती हिचा जीव घेतला. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. तिच्यापाशी एखादा ठरलेला शब्द असता तर, असं माझ्या मनात अनेकदा येतं.

सिग्नलची पद्धत जगभर चालते आणि मुंबईकराला ती शिकवावी लागत नाही. हिरवा : चालू दे. पिवळा : हळू, काहीतरी बदल, विचार. लाल : सगळं थांबव, आत्ता, कारण नंतर. पिवळा जास्त वापरा. मोटरमन पिवळा दिसला की गाडी हळू करतो, त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. पहिल्या सीनमध्ये दोघांनी मुद्दाम एकदा तरी पिवळा आणि एकदा लाल म्हणून बघा, काही बिघडलेलं नसताना. तोंडाला सवय लागते, आणि समोरचा खरंच थांबतो की ‘एवढ्यातच?’ म्हणतो, तेही कळतं.

स्वतःचा शब्द हवा असेल तर दोन-तीन अक्षरांचा, धापा टाकतानाही बोलता येईल असा. माझी एक मैत्रीण ‘दादर’ म्हणते. दादर आलं की उतरायचंच. ‘वडापाव’ मात्र घेऊ नका. एकाने घेतला होता, ऐन वेळी दोघांना हसू आवरेना आणि खरंच दुखतंय हे कळायला अर्धं मिनिट गेलं.

तोंडात काही असेल किंवा बोलताच येत नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. तो पडला की लाल. आणि एक गोष्ट अधोरेखित करते : काहींची वाचाच जाते. सीनमध्ये खोल गेलेला माणूस शब्द शोधू शकत नाही, किंवा समोरच्याचा हिरमोड नको म्हणून गप्प राहतो. तेव्हा सेफवर्ड आला नाही, म्हणून सगळं ठीक होतं, ही सबब चालत नाही. चेहरा बघणं, श्वास ऐकणं, विचारत राहणं हे डॉमचं काम.

पायरी पाचवी : पहिला सीन

खोलीचं आधी. मुंबईत खोली ही किंकपेक्षा अवघड गोष्ट आहे. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय हॉटेलात राहणं गुन्हा नाही. तरीही २०१५च्या ऑगस्टमध्ये मढ-अक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडप्यांना उचलून नेलं होतं आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं होतं, तेही बंद खोलीतल्या लोकांना. तेव्हा ओळखपत्र घेणारी, पावती देणारी बरी जागा पाहा. घरी असाल तर भिंती पातळ असतात हे धरून चाला. शेजारचे जोशीकाका दार ठोठावतील या धास्तीत कुणाचंच मन लागत नाही. आवाज दाबायला म्हणून तोंड बांधणं हा नवख्यांचा फार वाईट उपाय आहे. आवाज होणार नाही असा खेळ निवडा.

आता माझी चूक. कांदिवलीचा भाड्याचा फ्लॅट, शनिवारची रात्र, मी चौदा महिन्यांची ‘अनुभवी’. माझ्या दंडांभोवती जोडीदाराने बांधलेली दोरी होती. दहाएक मिनिटांनी उजव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. त्याने विचारलं, ‘ठीक आहेस ना?’ मी म्हटलं, ‘चालेल.’ एवढी मेहनत घेऊन त्याने बांधलं होतं, कसं सोड म्हणायचं? आणखी पंधरा मिनिटं गेली. सोडल्यावर चहाचा कप उचलायला गेले तर मनगट वर होईना. फडक्यासारखं लोंबत होतं. कप फरशीवर.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं की हातावर झोपले. ते म्हणाले, याला सॅटर्डे नाइट पाल्सी म्हणतात, दंडाच्या हाडाला लागून जाणारी नस दबते. शनिवार होता हे त्यांना कसं कळलं म्हणून मी क्षणभर गारच पडले. ते फक्त आजाराचं नाव होतं. हात पूर्ण सुधारायला तीन आठवडे लागले.

त्याची चूक होती का? होती. ‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ‘हो’ असंच ठरलेलं असतं. त्याने विचारायला हवं होतं : ‘अंगठा वर कर. माझी दोन बोटं दाब. आकडा सांग, दहापैकी किती?’ आकडा मागितला की ‘चालेल’ म्हणता येत नाही.

दोरीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मुंग्या, बधिरपणा, गार पडलेली बोटं म्हणजे ताबडतोब सोडायचं, गाठ नाही सुटली तर कापायचं. त्यासाठी बोथट टोकाची बँडेज कात्री आधीच हाताशी हवी. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत मिळते, कुणी काही विचारत नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तरी. खेळण्यातल्या बेड्या मनगटाच्या हाडावर रुततात, आणि किल्ली हरवली की रात्रभराची करमणूक होते. त्या नकोतच.

मारताना कुल्ले आणि मांड्यांचा भरलेला मागचा भाग. कंबरेच्या वर दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं आहेत, तिथे नाही. कणा, माकडहाड, मान, सांधे, तिथेही नाही. मेणबत्ती साधी पांढरी घ्या. मधमाशीचं मेण जास्त तापतं, रंगीत आणि वासाच्या मेणबत्त्यांत काय काय घातलेलं असतं. उंचावरून टाका, आधी स्वतःच्या मनगटावर.

गळा दाबू नका. ‘हळूच’ नाही, ‘व्हिडिओत दाखवतात तसं’ नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या दबल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो, आणि सेफवर्ड बोलायला जे लागतं तेच तुम्ही बंद केलेलं असतं. याची सुरक्षित पद्धत नाही. इतर बाबतीत मी मतं ऐकून घेते, इथे नाही.

आणि पेग नंतर. दोघांनीही.

कायदा, जेवढा लागतो तेवढा

वय अठरा पूर्ण. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा आहे, त्यात ‘तिचीही इच्छा होती’ याला जागा नाही. सज्ञान समलिंगी व्यक्तींमधला संमतीचा संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने गुन्हा राहिला नाही.

१ जुलै २०२४पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या बलात्काराच्या कलम ६३मध्ये संमती म्हणजे शब्दांतून, खुणेतून किंवा इतर रीतीने दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार. शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरत नाहीत. याच कलमात अठरा वर्षांवरच्या पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला अपवाद आहे. तो कायद्यातला अपवाद आहे, तुमच्या खोलीतला नियम नव्हे. सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर हे कलम लागू होत नाही, हीही मोठी फट आहे.

कलम २५ वाचण्यासारखं आहे. मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल आणि तशी शक्यताही ठाऊक नसेल, तर अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने झालेली इजा गुन्हा ठरत नाही. तिथलं उदाहरण गंमत म्हणून तलवारबाजी करणाऱ्या दोघांचं आहे. कुणी दोरीवाल्यांचा विचार करून ते लिहिलेलं नाही, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. आणि गंभीर दुखापत म्हणजे काय, ते कलम ११६ सांगतं : हाड मोडणं, दात पडणं, जिवाला धोका, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न जमणं. माझं मनगट आठवा. तीन आठवडे.

कलम २८प्रमाणे भीतीपोटी, गैरसमजातून, किंवा कशाला हो म्हणतोय हे कळणार नाही इतक्या नशेत दिलेली संमती ही संमतीच नाही. फोटोंबाबत कलम ७७ : बाईने फोटो काढू दिला, पण पसरवायला परवानगी दिली नाही, तर पसरवणं गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम पुरुषांनाही लागू आहे. ‘स्लेव्ह काँट्रॅक्ट’ मात्र कितीही स्टॅम्पपेपरवर करा, कोर्टात त्याची किंमत त्या स्टॅम्पपेपरएवढीही नाही.

कुणी मर्यादा ओलांडलीच तर ‘मीच बांधून घेतलं होतं’ म्हणून गप्प बसू नका. होकार एका गोष्टीला होता, दुसरीला नव्हता. डॉक्टरांना खरं सांगा, मी सांगितलं नाही ते सांगा. तातडीला ११२, बायकांसाठी १८१. समलिंगी आणि ट्रान्स मंडळींसाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून काम करतोय.

पायरी सहावी : संपल्यावर

दोरी सुटली की सीन संपत नाही. अंग गार पडतं, कधी रडू येतं, कधी नुसती भूक लागते. चादर, पाणी, काहीतरी गोड. माझ्या बॅगेत कायम राजगिऱ्याची चिक्की असते. हे आफ्टरकेअर. डॉमलाही लागतं. ‘मी हे केलं?’ हा प्रश्न त्याला घरी जाताना लोकलमध्ये पडतो, आणि तिथे सांगायला कुणी नसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन एकदम खाली जाऊ शकतं. याला ड्रॉप म्हणतात. ऑफिसात बसल्या बसल्या कारण नसताना डोळे भरून आले तर घाबरू नका, पण एकटेही राहू नका. म्हणून फोन आधीच ठरवा : दुसऱ्या दिवशी रात्री, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मेसेज नको, आवाज हवा. ‘ऑल गुड?’ ‘हो, ऑल गुड 👍’ यातून काही कळत नाही.

फोनवर तीन प्रश्न पुरतात. काय पुन्हा हवंय? कुठे तू ‘चालेल’ म्हणालीस आणि मनात वेगळं होतं? पुढच्या वेळी काय बदलू? तिसऱ्याचं उत्तर काहीतरी मोठं, खोल असेल म्हणून लोक श्वास रोखून बसतात. माटुंग्याच्या त्या मुलीने दिलेलं उत्तर त्याने मला नंतर सांगितलं. बरंच थांबून ती म्हणाली होती, ‘पंखा. पुढच्या वेळी एकवर ठेव. पाठ गार पडली होती आणि तुला सांगावं की नाही ते कळत नव्हतं.’